एक मुंगी होता: मुलांच्या ॲनिमेशनपटांतल्या बायका गेल्या कुठे?

माझ्या पाच वर्षांच्या भाचीला मी एकदा १९९८ सालच्या 'अ बग्ज लाइफ' या ॲनिमेशनपटाची गोष्ट सांगायला बसले. "एका वारुळात एक मुंगी होता…" एवढं म्हणते न म्हणते तोच तिनं मला अडवलं. "मावशी, होता नाही गं, होती!"

बरोबर होतं तिचं. पण चित्रपटाचा नायक फ्लिक हा पुरुष. नवनवी यंत्रं बनवणारा, वारुळ सोडून मदत शोधायला निघणारा, शेवटी सगळ्यांना वाचवणारा. मराठीत मुंगी म्हणजे 'ती'. मी शक्कल लढवली, मुंगीचा मुंगळा केला. त्यावर तिच्या डोळ्यांपुढे कडकडून चावणारा काळा मुंगळा उभा राहिला आणि गोष्ट तिथंच संपली.

व्याकरण सोडा, प्राणिशास्त्राच्या बाजूनंही भाचीचंच खरं. वारुळात राबणाऱ्या कामकरी मुंग्या सगळ्या माद्या असतात. धान्य आणणं, पिलं सांभाळणं, शत्रूशी लढणं, सगळं त्याच करतात. नर मुंग्यांना पंख असतात, त्यांचं काम राणीशी मिलन एवढंच, आणि ते झालं की थोड्याच काळात ते मरतात. त्याच वर्षी मुंग्यांवर दुसरा चित्रपट आला, 'अँट्झ'. त्यातला कामकरी नायकही पुरुष. २००७ च्या 'बी मूव्ही'त परागकण आणायला जाणारी पिळदार पथकं पुरुषांची आहेत. प्रत्यक्षात ते काम करणाऱ्या सगळ्या मधमाश्या माद्या, आणि नराला तर नांगीही नसते. २००६ च्या 'बार्नयार्ड'नं तर कमालच केली. नायक आवाजानं, चालीनं, स्वभावानं पुरुष, आणि पोटाखाली चक्क कास!

चित्रकारांना कास कुणाला असते हे ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल? मला वाटतं, तो प्रश्न कुणाच्या मनातच आला नाही. मुलांच्या चित्रपटांतल्या स्त्रियांबद्दल वाद झाला की आपण नायिकेवर बोलतो. ती राजपुत्राची वाट बघते की तलवार चालवते, एवढंच. २०२५ मध्ये 'स्नो व्हाइट'चा हाडामांसाच्या नटनट्यांचा नवा अवतार आला तेव्हाही चर्चा तिथंच फिरत राहिली. नायिका गेल्या पन्नास वर्षांत खूप बदलली, हे मान्य. तिच्या आजूबाजूला कोण उभं आहे, हे मात्र आपण फारसं बघत नाही. हा लेख त्या आजूबाजूबद्दल आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ

पहिला शब्द लिंगभाव. मूल जन्मतं तेव्हा शरीरानं मुलगा किंवा मुलगी असतं, ते लिंग. पण मुलीनं हळू बोलावं, मुलग्यानं रडू नये, हे शरीर सांगत नाही, आजूबाजूचे लोक सांगतात. बाई म्हणून किंवा पुरुष म्हणून कसं असावं याबद्दल समाजानं जे ठरवून ठेवलेलं असतं, तो लिंगभाव.

दुसरा माझ्या सोयीचा शब्द आहे, गृहीत पुरुष. ऑनलाइन फॉर्म भरताना एखाद्या चौकटीत आधीच टिकमार्क असतो, बघा. आपण काही निवडलेलं नसतं, फक्त बदललेलं नसतं. कथेतही तसंच होतं. "एक दुकानदार येतो", "एक पहारेकरी ओरडतो", "एक खेकडा गाणं म्हणतो" असं लिहिलं की चौकटीत 'पुरुष' आधीच भरलेलं असतं. बाई आणायची तर तिच्यासाठी कारण लागतं. ती आई असावी लागते, प्रेयसी असावी लागते, निदान चेटकीण तरी.

बायका बोलतात किती?

इथं एक धक्का आहे. कारमेन फॉट आणि कॅरन आयझनहाउअर या दोन भाषाअभ्यासकांनी डिस्नेच्या राजकन्यापटांतला संवाद मोजला आणि २०१६ मध्ये त्यांचे आकडे गाजले. आपला अंदाज काय असतो? जुन्या चित्रपटांत बायका मुक्या असतील, नव्यांत बोलक्या झाल्या असतील. निघालं भलतंच. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मध्ये स्त्री-पुरुषांचा संवाद निम्मा-निम्मा आहे. १९५० च्या 'सिंड्रेला'त सुमारे ६० टक्के बोलणं बायकांचं आहे, १९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'त ७१ टक्के.

मग १९८९ साली 'द लिटल मर्मेड' आला. बंडखोर, जिज्ञासू, स्वतःच्या मनानं वागणारी जलपरी. त्यात ६८ टक्के बोलणं पुरुषांचं. 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१) ७१ टक्के. 'अलादिन' (१९९२) ९० टक्के. 'पोकाहॉन्टस' (१९९५) ७६ आणि 'मुलान' (१९९८) ७७ टक्के. शेवटच्या दोन चित्रपटांची तर नावंच नायिकांची आहेत! चित्रपटांच्या संहितांतला संवाद मोजणाऱ्या दुसऱ्या एका मोठ्या प्रकल्पात असं दिसलं की 'मुलान'मध्ये तिचा सोबती असलेला छोटा ड्रॅगन मुशू हा खुद्द मुलानच्या जवळपास दीडपट शब्द बोलतो.

जलपरी तर अर्धा चित्रपट आवाजाविनाच वावरते, तो कथेचाच भाग आहे, म्हणून तिला सूट देऊ. पण तिच्याभोवती बघा. वडील पुरुष, खेकडा पुरुष, मित्र मासा पुरुष, ज्ञान पाजळणारा समुद्रपक्षी पुरुष, राजपुत्र, त्याचा वयस्कर कारभारी, सुरी घेऊन खेकड्यामागे धावणारा आचारी, राजपुत्राचा कुत्रासुद्धा पुरुष. बायका म्हणजे सहा बहिणी, ज्या गाऊन पडद्याआड जातात, एक दासी, आणि समुद्रातली चेटकीण.

असं का झालं? जुन्या चित्रपटांत पात्रंच कमी होती आणि त्यांतली बरीच सावत्र आया नि पऱ्या होत्या. १९८९ नंतरचे चित्रपट संगीत नाटकासारखे झाले. गर्दी वाढली, विनोदी सोबती आले, बाजार आले, मेळावे आले. ही सगळी नवी माणसं, नवे प्राणी, नवी भांडीकुंडी गृहीत पुरुषांच्या चौकटीतून आत आली.

भांडीकुंडी म्हणाले, कारण 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधला वाडा मला या विषयाचा सर्वांत चांगला धडा वाटतो. शापामुळे तिथले नोकरचाकर वस्तू झालेत. मेणबत्तीचा स्टँड आणि घड्याळ हे घर चालवतात, वाद घालतात, निर्णय घेतात. दोघे पुरुष. चहाची किटली ही आई, तिचा कप हा मुलगा. कपड्यांचं कपाट ही बाई, कारण कपडे. आणि धूळ झटकायचा पिसांचा झटकणा? ती लाडिक हसणारी मोलकरीण, मेणबत्तीवाल्याची प्रेयसी. वस्तूंना मुळात लिंग नसतं. ते द्यायचं काम चित्रकारांचं होतं, आणि कामाची वाटणी बघून त्यांनी ते दिलं. इकडे गावात गुत्त्यात बसून गाणारे पुरुष आणि वाड्यावर चालून जाणारा जमावही पुरुषी. पुस्तकं वाचणारी एकच मुलगी, आणि गावाला ती विचित्र वाटते.

एकुलती एक निळी मुलगी

अमेरिकी लेखिका केथा पॉलिट यांनी १९९१ मध्ये मुलग्यांच्या टोळक्यात एकच मुलगी ठेवण्याच्या प्रकाराला नाव दिलं, स्मर्फेट तत्त्व. स्मर्फ म्हणजे बेल्जियन चित्रकथांमधले छोटे निळे बुटके. प्रत्येकाचं नाव त्याच्या स्वभावावरून पडलेलं. एक हुशार, एक आळशी, एक चिडका, एक विनोदी. आणि एक स्मर्फेट. तिचा स्वभाव काय? मुलगी असणं. ती १९६६ मध्ये त्या कथांत आली तीही खलनायक जादूगारानं, बुटक्यांत भांडणं लावायला घडवलेली म्हणून. पुढं तिचे काळे केस सोनेरी झाले आणि सगळे तिच्यावर भाळले.

पॉलिट यांचं म्हणणं असं की टोळक्यात एकच मुलगी ठेवली की मुलांना कळतं, जगात माणसं असतात आणि शिवाय मुलीही असतात. पुरुष चूक करू शकतो, कारण बाकीचे पुरुष वेगळे आहेत. एकट्या मुलीच्या अंगावर मात्र अख्ख्या बायकांच्या जातीचं ओझं. ती रडली तर मुली रडतात, ती चुकली तर मुलींना जमत नाही.

अभिनेत्री जीना डेव्हिस यांनी लहान लेकीसोबत मुलांचे कार्यक्रम बघताना हीच गोष्ट हेरली आणि २००४ मध्ये याच्या मोजमापासाठी संस्था काढली. तिच्यासाठी झालेल्या पहिल्या मोठ्या अभ्यासात १९९० पासूनचे १०१ कौटुंबिक चित्रपट तपासले गेले. बोलणाऱ्या पात्रांत मुली-बायका २८ टक्के. आणि गर्दीत, म्हणजे ज्या पात्रांना नाव नाही, ओळ नाही, फक्त मागे उभं राहायचंय, त्यांत १७ टक्के.

हा १७ चा आकडा मला छळतो. नायिका कमी असण्याला लोक दहा कारणं देतील, धंदा, कथा, परंपरा. पण गर्दीतली पन्नास डोकी रंगवताना त्यांतली पंचवीस बायकांची करायला कुणाची हरकत होती?

आणि दिसतात कशा?

हे थोडक्यात आटोपते, कारण यावर आधीच पुष्कळ बोललं गेलंय. 'फ्रोझन' (२०१३) आला तेव्हा एका समाजशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की त्यातल्या ॲनाचा डोळा तिच्या मनगटापेक्षा रुंद आहे. ॲनिमेशनमध्ये सगळीच माणसं विचित्र मापाची असतात, ही पळवाट इथं चालत नाही. त्याच जगातले पुरुष जाडे, लुकडे, लांब नाकाचे, चौकोनी जबड्याचे असतात. विचित्रपणात त्यांना निवड आहे. तरुण मुलींना एकच चेहरा. वय झालेल्या, जाड, कोनेदार चेहऱ्याच्या बाईला जागा आहे, पण ती बहुधा खलनायिकेची. आरशाला सौंदर्य विचारणारी राणी, सावत्र आई, समुद्रातली चेटकीण. पिकलेले केस आणि सत्ता एकत्र आली की बाई वाईट निघते.

एक आकडा मात्र चांगला आहे. फॉट आणि आयझनहाउअर यांनी कौतुकाचे शब्दही मोजले. अगदी जुन्या राजकन्यापटांत स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या कौतुकापैकी ५५ टक्के रूपाचं होतं आणि ११ टक्के कामाचं, कौशल्याचं. अलीकडच्या चित्रपटांत रूपाचं २२ टक्क्यांवर आलं आणि कौशल्याचं ४० वर गेलं.

"जुन्या गोष्टीच तशा, त्यात चित्रपटवाले काय करणार?"

हा आक्षेप नेहमी येतो. त्याला माझं उत्तर एकच गोष्ट आहे, हान्स ख्रिश्चन अँडरसनची 'हिमराणी', १८४४ सालची. त्यात गेर्डा नावाची मुलगी हिमराणीनं पळवलेल्या मित्राला, काई नावाच्या मुलाला, सोडवायला एकटी निघते. वाटेत तिला कोण भेटतं? जादूची बाग असलेली म्हातारी. एक हुशार राजकन्या. दरोडेखोरांची दांडगट पोरगी, जी उशाशी सुरा घेऊन झोपते आणि शेवटी आपला रेनडिअर गेर्डाला देऊन टाकते. मग उत्तरेकडच्या दोन शहाण्या बाया, त्यांतली एक निरोप सुकवलेल्या माशावर लिहून देते. मदत करणारे, अडवणारे, वाट दाखवणारे, बहुतेक सगळ्या बायका. सुटका होते ती मुलाची.

याच गोष्टीपासून निघून 'फ्रोझन' तयार झाला. दोन बहिणींची कथा, खऱ्या प्रेमाचा अर्थ राजपुत्राच्या चुंबनापासून सोडवून बहिणीपर्यंत नेणारी, म्हणून तिचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण दोघी वाटेला लागल्यावर भोवती कोण? बर्फ विकणारा क्रिस्टॉफ, त्याचा रेनडिअर, बर्फाचा बाहुला ओलाफ, राजपुत्र हान्स, धूर्त ड्यूक, डोंगरातला दुकानदार. एकूण संवादाचे ५९ टक्के पुरुषांचे. म्हणजे सुमारे १७० वर्षांपूर्वीची गोष्ट बायकांनी गजबजलेली, आणि तिचा एकविसाव्या शतकातला अवतार पुरुषांनी.

तेव्हा जुन्या गोष्टींवर खापर फोडू नका. चित्रपटवाले गोष्टी बदलतातच. अँडरसनची जलपरी राजपुत्राला मिळवू शकत नाही, समुद्राच्या फेसात विरते. चित्रपटात तिचं लग्न झालं. अख्खा शेवट बदलता येतो, पण खेकड्याला खेकडी करता येत नाही?

"आता तर नायिका लढतात की!"

लढतात. पण लढणं हा नवा साचा होऊ लागलाय. 'कुंग फू पांडा' (२००८) आठवा. वाघीण लहानपणापासून घाम गाळते, सर्वांत तरबेज तीच. निवड होते ती जिन्यावर धापा टाकणाऱ्या पांडाची. चित्रपट धमाल आहे, मला स्वतःला आवडतो, पण ही मांडणी इतर चित्रपटांतही सापडते. मुलगी आधीच परिपूर्ण, शिस्तीची, थोडी तुसडी. तिनं वेंधळ्या मुलाला शिकवायचं आणि मग त्यानं जग वाचवायचं. धडपडायचा, चुकायचा, हसं करून घ्यायचा हक्क त्याचा. मुलांना कथेत ओढतं ते हेच धडपडणं.

म्हणून मला जपानचे हायाओ मियाझाकी यांचे चित्रपट वेगळे वाटतात. 'स्पिरिटेड अवे' (२००१) मधली दहा वर्षांची चिहिरो सुरुवातीला रडवी, किरकिरी आहे. गाडीच्या मागच्या सीटवर पाय ताणून पडलेली. पायऱ्या उतरताना घाबरून एकेक पायरी बसत उतरते. तिचं अंग खरोखरच्या दहा वर्षांच्या मुलीचं आहे. स्नानगृहात तिला काम मिळतं ते घासण्या-पुसण्याचं, तेही आधी नीट जमत नाही.

'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) तर गर्दीचाच चित्रपट म्हणायला हवा. त्यातल्या लोखंडाच्या वस्तीत भट्टीचा भला मोठा भाता बायका चालवतात. पायांनी फळी दाबत, घामाघूम, एकमेकींची टिंगल करत, पुरुषांना तोंडावर सुनावत. त्यांतल्या कित्येकींना वस्तीची प्रमुख इबोशी हिनं कोठ्यांतून सोडवून आणलंय. कुष्ठरोग्यांना तिनंच आसरा दिलाय. आणि तीच जंगल तोडते, वनदेवतेवर बंदूक रोखते. ती चांगली की वाईट, चित्रपट सांगत नाही. सत्ता हातात असलेली, प्रौढ, गुंतागुंतीची बाई, आणि तिच्यामागं डझनावारी बोलक्या बायका. त्यांतली एखादी रडली तर अख्ख्या बायकांची जात रडत नाही.

बायकांची उपस्थिती तपासायला एक सोपी चाचणी प्रसिद्ध आहे, ॲलिसन बेखडेल या चित्रकथाकार बाईंनी १९८५ मध्ये मैत्रिणीची कल्पना म्हणून मांडलेली. चित्रपटात किमान दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर बोलतात का? ही चाचणी चित्रपट चांगला की वाईट हे सांगत नाही. ती तापमापक आहे, वैद्य नव्हे. पण ताप किती चित्रपटांना आहे हे बघून चकित व्हायला होतं.

पेन्सिल कुणाच्या हातात?

१९३८ मध्ये एका तरुणीनं डिस्नेच्या स्टुडिओत काम शिकण्यासाठी अर्ज केला होता. उत्तराचं पत्र आजही उपलब्ध आहे. आशय असा, की व्यंगपटांचं सर्जनशील काम बायका करत नाहीत, ते पूर्णपणे तरुण पुरुषांकडं आहे. बायकांसाठी होता तो शाई आणि रंगाचा विभाग, म्हणजे पुरुषांनी काढलेली चित्रं पारदर्शक पानांवर गिरवायची आणि त्यांत रंग भरायचे.

गंमत अशी की आज उपलब्ध असलेला जगातला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट एका बाईनं बनवलेला आहे. जर्मनीच्या लोटे राइनिगर यांचा, १९२६ सालचा, काळ्या कागदाच्या कातरलेल्या आकृत्यांचा. 'स्नो व्हाइट'च्या अकरा वर्षं आधीचा. बायकांना जमत नव्हतं, असं म्हणायला जागाच नाही.

पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचे पहिले बारा चित्रपट पुरुष नायकांचे. तेरावा, २०१२ चा 'ब्रेव्ह', पहिला नायिकेचा. ती कल्पना ब्रेंडा चॅपमन यांना आपल्या मुलीशी होणाऱ्या खटक्यांवरून सुचली. अर्ध्या वाटेवर दिग्दर्शन त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं, श्रेय मात्र राहिलं, आणि सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेली पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. पुढच्याच वर्षी ज्यांची चित्रं दप्तरांवर-खेळण्यांवर छापून विकली जातात, त्या डिस्ने राजकन्यांच्या यादीत 'ब्रेव्ह'ची नायिका मेरिडा दाखल झाली तेव्हा तिची कंबर बारीक झाली, पिंजारलेले केस वळणावर आले, खांदे उघडे पडले आणि धनुष्यबाण गायब! दोन लाखांहून जास्त लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. चॅपमन स्वतःही उघडपणे रागावल्या. या प्रसंगातून एक गोष्ट कळते. मूल चित्रपट दीड तास बघतं, पण दप्तरावरचं चित्र वर्षभर बघतं.

पिक्सारचा संपूर्णपणे एकट्या स्त्रीनं दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट यायला २०२२ उजाडलं. डोमी शी यांचा 'टर्निंग रेड'. त्यात तेरा वर्षांच्या मुलीची मासिक पाळी सुरू झाली असं समजून आई पॅड घेऊन धावते. मुलींच्या आयुष्यातली इतकी साधी गोष्ट पडद्यावर आली तर पालकांत वाद झाले.

"मुलगे मुलींचे सिनेमे बघत नाहीत"

उद्योगाची ही लाडकी समजूत. 'रॅपन्झेल' हे नाव मुलींचं वाटेल म्हणून २०१० मध्ये चित्रपटाचं नाव बदलून 'टँगल्ड' करण्यात आलं आणि जाहिरातीत चोर-नायक पुढं आणला गेला. तीन वर्षांनी दोन बहिणींच्या 'फ्रोझन'नं जगभरात १२० कोटी डॉलरहून जास्त कमावले. तेवढी तिकिटं नुसत्या मुलींनी काढली असतील, हे गणित मला जमत नाही. मुली आजवर सिंह, मासे, खेळण्यातला काउबॉय यांच्याशी विनातक्रार एकरूप होत आल्या. मुलग्यांना ते जमणार नाही, असं मानणं हा मुलग्यांचाही अपमान आहे.

"पण मुलांना त्यातलं काय कळतंय?"

प्रामाणिक उत्तर गुंतागुंतीचं आहे. संशोधक सारा कॉइन आणि सहकाऱ्यांनी शाळापूर्व वयाच्या १९८ मुलांचा अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. राजकन्यांचे चित्रपट आणि खेळणी यांत जास्त रमणारी मुलं वर्षभरानं 'मुलींना शोभेल' अशा साचेबद्ध वागण्याकडं जास्त झुकलेली दिसली. मुलीही आणि मुलगेही. झालं, मथळे छापून आले, राजकन्या घातक!

मग त्यांनीच पुढं ती मुलं दहा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिलं. २०२१ चा निष्कर्ष उलटा निघाला. लहानपणी राजकन्यांत रमलेल्या मुलांची स्त्री-पुरुषांबद्दलची मतं जास्त मोकळी होती, आणि त्यांतले मुलगे 'पुरुषानं भावना दाखवू नये' छापाच्या कल्पनांना कमी चिकटलेले होते. राजकन्येच्या गोष्टीत निदान बाई मध्यभागी असते, तिला मन असतं, नाती असतात. सुपरहिरोंच्या गोष्टीत बहुधा तेही नसतं.

दोन्ही अभ्यास 'हे असेल तर ते आढळतं' एवढंच सांगतात. छत्र्या उघडलेल्या दिसतात तेव्हा पाऊस असतो, म्हणून छत्री पाऊस पाडत नाही. कुठल्या घरात कशा गप्पा होतात, याचाही त्यात हात असणार. पण एवढं नक्की, की 'राजकन्या वाईट, योद्धा चांगली' हा हिशेब चुकीचा आहे.

मुलग्यांच्या वाट्यालाही साचे आहेतच. 'अलादिन' आणि 'लायन किंग'मधल्या खलनायकांची नजाकत, लचकणारी बोटं आठवा. नाजूक पुरुष कपटी, हा धडा तोच. त्या मानानं 'फाइंडिंग नीमो'मधला भित्रा, हळवा बाप मला फार आवडतो. (जाता जाता, त्या जातीच्या माशांत टोळीची प्रमुख मादी मेली की तिच्या नराची मादी होते. म्हणजे नीमोच्या बाबांची खरं तर आई व्हायला हवी होती. त्या चित्रपटाची कल्पना करून मी बराच वेळ हसले आहे.)

मग दाखवायचे की नाही?

२०१८ मध्ये अभिनेत्री कीरा नाइटली यांनी सांगितलं होतं की 'सिंड्रेला' आणि 'द लिटल मर्मेड' त्यांच्या घरात बंद आहेत, कारण एक श्रीमंत पुरुषाची वाट बघते आणि दुसरी पुरुषासाठी आवाज देऊन टाकते. बंदीनं काय साधतं मला कळत नाही. शेजारी ते चित्रपट आहेतच. शिवाय १९५० ची सिंड्रेला आणि तिची सावत्र आई मिळून १९९२ च्या अख्ख्या 'अलादिन'मधल्या बायकांपेक्षा जास्त बोलत असतील. मग बंदी कुणावर घालायची?

जीना डेव्हिस यांनी २०१३ मध्ये लेखकांना एक सोपा उपाय सुचवला होता. संहिता तयार झाली की बऱ्याच पात्रांची नावं खोडून बायकांची लिहा. आणि जिथं 'गर्दी जमते' असं लिहिलं असेल तिथं पुढं लिहा, 'त्यांत निम्म्या बायका'.

मी तो उपाय मुंगीवर करून बघितला. पुन्हा एकदा वारुळाची गोष्ट सांगितली, यावेळी फ्लिक 'ती'. ती यंत्र बनवते, ते बिघडतं, मुंग्यांना धमकावून धान्य उकळणाऱ्या नाकतोड्यांसाठी रचून ठेवलेलं धान्य पाण्यात जातं, ती मदत शोधायला निघते, सर्कशीतल्या किड्यांना लढवय्ये समजून घेऊन येते. कुठंही गोष्ट अडली नाही. राजकन्येशी शेवटी तिची मैत्री झाली, तेही चाललं. भाचीनं या सगळ्यावर एकही प्रश्न विचारला नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता.

"मावशी, त्या नाकतोड्यांना स्वतःचं धान्य का नाही गोळा करता येत?"